परदेशात शिकवून एज्युकेशन लोन फेडलं: सोलापुरातल्या शाखेचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

लोन बंद होऊन काही महिने झालेत, म्हणून आता शांतपणे लिहिते. हा रिव्ह्यू सोलापुरातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेचा आहे. शाखेचं नाव लिहीत नाही, कारण त्या वेळचे साहेब बदलून गेलेत आणि असंच दुसरीकडंही होतंय हे मैत्रिणींकडून ऐकलंय. ज्यांची पोरं बाहेर शिकवायला गेलीत किंवा जायच्या तयारीत आहेत त्यांनी पैशांचा भाग तरी नीट वाचा.

आधी माझं सांगते. २०१४ ला पुण्यात इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतलं, चार वर्षांत मिळून ७ लाख २० हजार लोन. साडेसात लाखांच्या आत होतं म्हणून घर तारण द्यावं लागलं नाही पण जामीनदार लागला, तर मोहोळचे मामा जामीन राहिले. आप्पा म्हणजे माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, त्यांच्या पगारावर याच्यापुढं काही होण्यासारखं नव्हतं. पुढं मला शिकवायचंच होतं हे कळलं, म्हणून बी.एड. केलं (इंजिनिअरिंगवाल्यांना ५५ टक्के असले की बी.एड.ला जाता येतं, खूप जणांना माहीत नसतं) आणि २०२२ ला शारजातल्या एका इंडियन शाळेत गणित शिकवायला गेले.

आता लोन घेताना शाखेनं न सांगितलेली पहिली गोष्ट. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नसतो एवढंच आम्हाला सांगितलं, आम्ही समजलो पाच वर्षं निवांत. पण पैसा उचलला त्या दिवसापासून व्याज चालूच असतं, फक्त मागत नाहीत. साधारण ११ टक्के दर होता, तर २०१९ ला हप्ता सुरू झाला तेव्हा ७ लाख २० हजाराचे जवळपास १० लाख झालेले. पहिल्या वर्षाचे १ लाख ८० हजार, त्यावर महिन्याला साधारण १,६५० रुपये व्याज, तेवढं आप्पांनी कसंही करून भरलं असतं ओ, ओव्हरटाइम करून भरलं असतं, आणि शिकत असताना व्याज भरणाऱ्याला काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलतही देतात. हे कुणीतरी तोंडानं सांगायला पाहिजे होतं. याचा एक स्टार मी इथंच कापला.

हप्ता बसला १३,७३४ रुपये, दहा वर्षांसाठी. पासबुक छापून आणलं तर पहिल्या हप्त्यातले नऊ हजारांच्या वर व्याजात गेलेले आणि मुद्दलात साडेचार हजार. आप्पा ते पान हातात धरून किती तरी वेळ बसले होते. मग मार्च ते ऑगस्ट २०२० कोरोनात हप्ते थांबवायची सवलत आली, कारखाना बंद होता म्हणून आम्ही घेतली, पण तेव्हाही व्याज थांबलं नव्हतं, ते परत मुद्दलात मिळवलं. मी शारजाला गेले तेव्हा नऊ लाखांच्या आसपास बाकी होते.

तिथला पगार ३,८०० दिरहम, त्यावर इन्कम टॅक्स नाही. तिघी मिळून एक खोली, महिन्याला २,००० दिरहम घरी पाठवायचे हे ठरवूनच गेले होते. तेव्हा एका दिरहमचा भाव साडेएकवीस रुपयांच्या आसपास, म्हणजे ४३ हजार. त्यातले ३० हजार लोनला आणि बाकीचे घरखर्चाला. हिशोब करून बघा, ९ लाख बाकी असताना नुसता १३,७३४ चा हप्ता भरत बसलं तर आठ वर्षांच्या वर लागतात, ३० हजार भरले तर ३५ महिने, आणि व्याजाचे तीन लाखांच्या वर वाचतात. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ ला एक डॉलर, त्यामुळं रुपया घसरला की आपल्या कर्जाला तेच दिरहम जास्त पुरतात. २०२५ ला शेवटचे पैसे पाठवले तेव्हा भाव तेवीसच्या वर होता.

पैसे पाठवायला मी रोला भागातल्या एक्स्चेंज हाऊसला जायचे, नंतर ॲप वापरलं. दोन्ही बरे आहेत. फक्त फी किती असं विचारू नका, फी दिसती पण भावातही त्यांचा वाटा असतो. सरळ विचारायचं की दोन हजार दिरहम दिले तर सोलापूरच्या खात्यात किती रुपये पडणार. जिथं जास्त पडतील तिथून पाठवायचे.

खात्याचं काम शाखेनं चांगलं केलं, हे मान्य करायलाच पाहिजे. बाहेर नोकरीला गेलं की आपलं साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवून चालत नाही, ते एनआरओ (बाहेर राहणाऱ्याचं इथल्या पैशासाठीचं खातं) करून घ्यावं लागतं, आणि बाहेरून येणाऱ्या पैशासाठी एनआरई नावाचं वेगळं खातं उघडायचं, त्याच्या व्याजावर इथं टॅक्स नाही. काउंटरवरच्या एका मॅडमनी सगळे फॉर्म स्वतः बघून दिले, कुठं सही राहिली ते पेन्सिलनं खुणा करून दिलं, आप्पांना व्यवहार करता यावा म्हणून मँडेटही (तशी लेखी परवानगी) लावून दिलं. त्यांच्यासाठी वेगळे पाच स्टार.

गडबड झाली ती जादा पैशांची, आणि हा रिव्ह्यू लिहायचं खरं कारण हेच. मी हप्ता ऑटोवर लावलेला आणि वरचे १६ हजार दर महिन्याला ॲपवरून लोन खात्यात टाकायचे. मला वाटायचं महिन्याला ३० हजार चाललेत. पाचव्या महिन्यात आप्पा पासबुक छापायला गेले आणि मला फोन केला, "बाळा, तीन महिने हप्ताच कापलेला नाही." शाखेच्या सिस्टिमनं माझे जादा पैसे पुढच्या हप्त्याचे आगाऊ म्हणून धरलेले, म्हणून त्या महिन्यांत ऑटो हप्ता गेलाच नाही. तेवढे पैसे एनआरईत तीन टक्क्यांवर पडून आणि इकडं लोन अकरा टक्क्यांनी चालू. नुकसान दोन हजारांच्या आतलंच असेल, पण तीन जणींच्या खोलीत राहून पाठवलेले पैसे होते ते, मला रात्रभर झोप आली नाही.

आप्पा साहेबांकडं गेले तर "सिस्टिमच तशी आहे काका, तुमची मुलगी आली की बघू". मुलगी वर्षातून एकदा येती. मी तिकडून फोन करायचे, शारजात शाळेला शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी असती, म्हणून शुक्रवार हा एकच दिवस असा की मी मोकळी आणि सोलापुरात बँक चालू. चार शुक्रवार गेले. कोण उचलायचं नाही, उचललं तर साहेब मीटिंगला. शेवटी मी पत्र लिहून सही करून पाठवलं, आप्पांनी दोन प्रती नेल्या आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय उठले नाहीत, दुपारच्या शिफ्टला उशीर झाला तरी. पत्रात एवढंच होतं: "जादा भरलेली रक्कम आगाऊ हप्ता म्हणून न धरता मुद्दलात वळती करावी. हप्त्याची रक्कम तीच ठेवून मुदत कमी करावी. दरमहा हप्त्याची कपात चालू ठेवावी." बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, तेही शेवटी एका ओळीत घातलं. अकराव्या दिवशी काम झालं. म्हणजे करता येत होतं.

हे पत्र पहिल्याच महिन्यात द्या, माझ्यासारखं पाचव्या महिन्याची वाट बघू नका. आणि पासबुक दर महिन्याला छापा, ॲपमधे बाकी रक्कम दिसती पण काय कशात गेलं ते आम्हाला पासबुकातच कळलं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं लोन असेल तर आधी फेडल्याबद्दल बँकेला दंड लावता येत नाही, आमच्या शाखेनं लावलाही नाही, तिथं काही तक्रार नाही.

८०ई, म्हणजे एज्युकेशन लोनच्या व्याजावर इन्कम टॅक्सात मिळणाऱ्या सवलतीबद्दल खूप जण विचारतात. व्याजावर आठ वर्षं मिळती, पण इथं टॅक्स भरण्याएवढं उत्पन्न असेल तर आणि जुन्या टॅक्स पद्धतीनंच. मला काही उपयोग झाला नाही.

शिकवणीचंही सांगते. बरोबरच्या काही जणी सुरवातीपासून घरी शिकवण्या घ्यायच्या, परवाना नव्हता, पकडलं तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जायची भीती, मी त्या वाटेला गेले नाही. डिसेंबर २०२३ पासून यूएईत खाजगी शिकवणीचा रीतसर परवाना मिळायला लागला, दोन वर्षांचा आणि फुकट. तो काढून २०२४ मधे दहावीची दोन पोरं घेतली, ते सगळे पैसे लोनला गेले म्हणून ३५ महिन्यांच्या आतच, मे २०२५ ला, लोन संपलं.

बंद करताना एक लक्षात ठेवा, ॲपवर दिसणारी बाकी आणि खरी बाकी यात त्या महिन्याच्या व्याजाचा फरक असतो. शाखेतून त्या तारखेचा आकडा लेखी घ्या, नाहीतर चार-पाचशे रुपये राहून जातात आणि लोन उघडंच राहतं. बेबाकी दाखला (काही देणं राहिलं नाही याचा) मिळायला बारा दिवस लागले, दोन हेलपाटे पडले. सिबिलला, म्हणजे कर्जाच्या रिपोर्टवर, बंद दिसायला दीड महिना.

बेबाकी दाखला घेताना जामीनदाराचं नाव त्यात घालून मागा. मामांना मधे ट्रॅक्टरसाठी लोन घ्यायचं होतं तर त्यांच्या रिपोर्टवर माझं लोन दिसत होतं आणि त्यांचं काम अडलं होतं, त्यांनी हे मला तीन वर्षं सांगितलं नाही, आईकडून कळलं. जुलैत सुट्टीला आले तेव्हा मी आणि आप्पा दाखल्याची झेरॉक्स घेऊन मोहोळला गेलो. मामा म्हणाले झेरॉक्स नको, बँकेत विचारतील, शिक्क्याची प्रत दे. म्हणून दुसऱ्या दिवशी परत शाखेत जाऊन शिक्क्याची दुसरी प्रत घेतली. पहिल्याच वेळी दोन मागा.