वाकड्या फांद्या, काटेरी झाडं आणि घोडबंदर रोडवरची एक नर्सरी

आधी थोडं मागचं सांगते म्हणजे मी या नर्सरीत का गेले ते कळेल. दोन वर्षांपूर्वी मी कॉर्कस्क्रू हेझेलचा फोटो बघितला, पानं गळलेली आणि प्रत्येक फांदी पिळून पिळून वर गेलेली, आणि तेव्हापासून डोक्यात एकच, की असं वाकडंतिकडं झाड आपल्या गॅलरीत पाहिजे. हेझेल कुठे मिळेना म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तशाच पिळलेल्या फांद्यांच्या कॉर्कस्क्रू विलोच्या चार काड्या मागवल्या, साडेपाचशे रुपये, त्यांना पानं फुटली, मी खूश, आणि एप्रिलमध्ये पंधरा दिवसांत चारही काड्या काळ्या पडून गेल्या. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तरच नाही.

मग मैत्रिणीने ही नर्सरी सांगितली. कासारवडवलीच्या पुढे, ओवळ्याच्या बाजूला, बाहेरून बघाल तर नेहमीसारखीच, पुढे जास्वंद मोगरा आणि मनीप्लांट, पण मागच्या शेडमध्ये एक पूर्ण रांग फक्त काटेरी आणि वेड्यावाकड्या झाडांची. मी नर्सरीवाल्या काकांना हेझेलचा फोटो दाखवला आणि मला वाटलं आता हे कुठलं तरी दुसरंच झाड तेच म्हणून गळ्यात मारणार. तर काका सरळ म्हणाले, "ताई, हे थंडीचं झाड. आपण डिसेंबरात पंखा लावून झोपतो, ह्याला झोप कुठून लागणार?" तिथेच मला दुकान आवडलं. घरी येऊन वाचलं तर खरंच, हे हेझेल 1863 च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या एका कुंपणात सापडलं, तिथूनच कलमं करून जगभर गेलं, आणि त्याला कडक हिवाळा लागतोच. साडेपाचशे घालवायच्या आधी हे कोणी सांगायला हवं होतं.

मग काकांनी जे दाखवलं त्यात माझा दीड तास गेला.

पहिलं पेडिलँथस, ज्याला आपल्याकडे विलायती शेर म्हणतात. खोड प्रत्येक पेराला दिशा बदलतं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, अगदी जिन्यासारखं, ऐंशी रुपयांत, आणि ठाण्याच्या उन्हात मजेत वाढतं. मी दोन वर्षं परदेशी झाडामागे धावले आणि वाकडेपणा इथे काळ्या पिशवीत उभा होता. फक्त चीक अंगाला लागू देऊ नका, डोळ्यात तर अजिबात नाही, कापताना हातमोजे घाला. हेच युफोर्बियाला पण लागू. युफोर्बिया म्हणजे क्राउन ऑफ थॉर्न्स, मूळ मादागास्करचं, काकांकडे थायलंडच्या मोठ्या फुलांच्या जाती पण आहेत, लाल, पिवळसर, गुलाबी, दीडशेपासून पुढे. आपण ज्याला फूल म्हणतो त्या रंगीत पाकळ्या खरं तर पाकळ्या नाहीत, सहपत्रं, म्हणजे फुलाजवळची रंगीत पानं आहेत, खरी फुलं मध्ये बारीक असतात, म्हणूनच तो रंग इतके दिवस टिकतो.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते आपल्या झाडांबद्दल. काकांकडे करवंद आहे, बोर आहे, वाघाटी आहे. येऊरला चढताना आपण ज्यांच्यापासून ओढणी वाचवत चालतो तीच ही झाडं, आणि पहिल्यांदा कुणीतरी ती कुंडीत लावून, नावाची पाटी लावून विकायला ठेवलेली बघितली. काकांनी काटे हाताने दाखवून समजावले. लिंबू आणि करवंदाचा काटा म्हणजे फांदीच, आतून लाकडाला जोडलेली, म्हणून मोडता मोडत नाही. बाभळीचे पांढरे काटे पानाच्या बुडाशी जोडीने, ती मूळची उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानं. बोराचंही तसंच, फक्त जोडीतला एक काटा बऱ्याचदा सरळ आणि एक आकड्यासारखा, म्हणजे सरळ टाळला तर वाकडा पकडतो. आणि गुलाबाचा किंवा काटेसावरीचा काटा नुसता सालीचा, आडवा दाबला की अख्खा निघतो, लहानपणी आम्ही गुलाबाचे काटे थुंकी लावून नाकावर चिकटवायचो ते म्हणूनच जमायचं हे मला चाळिशीत कळलं!

वाघाटी मी घेतली, दोनशे रुपये. काटे वाघनखांसारखे वाकडे, फुलं पांढरी आणि नंतर गुलाबी होत जाणारी, आणि हिच्या फळांची भाजी आषाढी द्वादशीला उपास सोडताना करतात हे आमच्या आईला ठाऊक होतं पण झाड तिनेही कधी बघितलं नव्हतं. शिवाय ग्रेट ऑरेंज टिप फुलपाखराच्या अळ्या या जातीच्या झाडांवर वाढतात, ओवळेकर वाडीची फुलपाखरू बाग तिथून जवळच, त्यामुळे मला आशा आहे.

आता तक्रारी. झाडं सगळी घट्ट लाल मातीच्या गोळ्यात आहेत, पावसाळ्यात त्या गोळ्यात पाणी साचतं आणि युफोर्बियासारखी झाडं बुडातून सडतात. काकांनी स्वतःच सांगितलं की घरी गेल्यावर अर्धी माती काढा, रेती आणि विटांचे तुकडे घाला, पण मग विकतानाच तशी माती का भरत नाहीत? दुसरं, माझ्या युफोर्बियावर चौथ्या दिवशी पेरापेरात पांढरा कापूस, म्हणजे मिलीबग ही कीड. नीम ऑइलने तीन आठवड्यांत आटोक्यात आला, पण विकण्याआधी झाड तपासून द्यायलाच हवं, माझ्या इतर कुंड्यांत गेला असता तर? फोन केला तर काका वाद न घालता बदलून देतो म्हणाले, मीच नेलं नाही. आणि पार्किंग नाही, रविवारी घोडबंदरचं ट्रॅफिक बघता सकाळी नऊच्या आत जा.

घरी सासूबाई आधी म्हणाल्या काटेरी झाड दारात नको, वास्तूला बरं नाही. मी म्हटलं आई, लिंबाला काटे नाहीत का, तो तर आपण कौतुकाने लावतो. त्या जरा थांबल्या, आणि मग करवंदाची कुंडी त्यांनीच ग्रिलच्या कोपऱ्यात सरकवली, जिथे शेजारच्या पोरांचा हात जात नाही. लहान मुलं घरात असतील तर हा विचार आधी करा, युफोर्बिया तर उंचावरच ठेवा.

किमती ठाण्याच्या मानाने रास्त, माहिती पैसे न घेता आणि खरी. पाचपैकी चार, एक मिलीबगचा कापला.

निघताना मुरुडशेंगेबद्दल विचारलं. तिच्या फांद्या सरळच पण शेंगा स्क्रूसारख्या पिळलेल्या, बाळगुटीत उगाळायला आजी वापरायची तीच. काका म्हणाले रोपं जूनमध्ये येतील, नंबर लिहून ठेवा. वहीत माझ्या आधी सहा जणांची नावं होती.