आपदा मित्रांचं किट: पाठीवर काय घ्यावं, घरी काय ठेवावं

‘आपदा मित्र’ ही आपत्तीत मदतीला धावणारे स्थानिक स्वयंसेवक तयार करण्याची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची योजना. 2016 मध्ये 30 पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे 350 जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक असं उद्दिष्ट ठरलं. वय 18 ते 40, बारा दिवसांचं प्रशिक्षण, फुकट किट आणि तीन वर्षांचा विमा. कोल्हापूर-सांगलीच्या पूरपट्ट्यात हे किती कामाचं, ते मात्र तपासून घ्यायला हवं. इथलं पाणी इंचाइंचाने चढतं आणि उतरायला दिवस लावतं.

किटमधली सगळ्यात मोलाची वस्तू लाइफ जॅकेट. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरात क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली, त्यानंतर हे वेगळं सांगायला नको. पण जॅकेट नुसतं अंगात अडकवून भागत नाही. पट्टे आवळा आणि दुसऱ्याला ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघेल. जांघेतला पट्टा असेल तर तो लावायचाच. अडचण होते म्हणून बहुतेक जण तो मोकळा सोडतात. जॅकेटची उशी किंवा बसकण करू नका, आतला फोम चेपला की तरंगण्याची ताकद कमी होते. धुतल्यावर सावलीत वाळवा. शिट्टी खिशात ठेवू नका, जॅकेटला बांधा.

गमबूट बोटीत नकोत. पडल्यावर त्यात पाणी भरतं, पोहताना पाय ओढले जातात आणि पाणी भरलेल्या बुटांनिशी बोटीत परत चढणं महाकठीण. तिथे नाडीचे जुने कॅनव्हासचे बूट बरे. गमबुटांचं खरं काम पूर ओसरल्यावर: गाळ, फुटक्या काचा, मेलेली जनावरं आणि लेप्टोचा (दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) धोका. हेल्मेट आणि हातमोजेही तेव्हाच जास्त लागतात. मच्छरदाणी छावणीत उपयोगी. चाकू हवाच, पण दुमडणारा, आणि तो दोरीने कमरेला बांधलेला.

दोर नीट बघून घ्या. नायलॉनचा दोर मजबूत असतो, पण पाण्यात बुडतो. बुडणाऱ्याला तो दिसत नाही आणि बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात अडकतो. फेकायला पॉलिप्रॉपिलीनचा, 8 ते 10 मिलिमीटर जाडीचा, पंधरा-वीस मीटर तरंगता दोर वेगळा घ्या. तो गुंडाळी करून न ठेवता पिशवीत थोडा थोडा कोंबत भरा, म्हणजे फेकताना गाठ पडत नाही. शिवाय झाकण घट्ट बसणारा वीस लिटरचा रिकामा कॅन ठेवा. तो जवळपास वीस किलोचा उठाव देतो आणि प्रत्येक घरात सापडतो.

प्रशिक्षणात सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायचा उपचार, शिकवतात. मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, हे बहुतेकांच्या लक्षात राहतं. बुडालेल्या माणसाला आधी श्वास द्यायचा असतो, मग दाब, हे मात्र विसरलं जातं. त्याचं हृदय प्राणवायूअभावी थांबलेलं असतं. पोट दाबून पाणी काढण्याचा जुना प्रकार तर सोडाच. त्यात वेळ जातो आणि उलटी फुफ्फुसात जाते. बारा दिवसांत शिकलेलं हात वर्षभरात विसरतात. उजळणी ठरलेली नसणं हा या योजनेचा सगळ्यात कच्चा दुवा.

दुसरी कच्ची बाजू बोट. रबरी बोट शासनाकडून मिळते. इंजिन जूनमध्ये चालू होईल की नाही, हे मात्र आदल्या पावसाळ्यानंतर कोणी काय केलं त्यावर ठरतं. टू-स्ट्रोक इंजिनाला साधारण 50:1 मिश्रण, म्हणजे लिटरमागे 20 मिलिलिटर तेल. नेमकं प्रमाण इंजिनाच्या पुस्तिकेत बघा. मिश्रण टाकीत महिनोन् महिने राहिलं की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. काम संपलं की इंजिन गोड्या पाण्याने धुवा, इंधन संपेपर्यंत चालवा, टाकी रिकामी करा. इथला पूर उसावरून जातो. त्यामुळे पंख्यात उसाचा पाला, जलपर्णी, कुंपणाची तार अडकणारच. इंजिन बंद करून, वर उचलून मगच हात घाला. किल-स्विचची दोरी (चालक पडला की इंजिन बंद करणारी) चालकाच्या मनगटाला बांधलेली असावी आणि वाकलेल्या वीजतारांखालून बोट न्यायची नाही.

शासनाशी जोडणीचा भाग मात्र चांगला जमलाय. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि राज्याचा 1070, दोन्ही पाठ हवेत. नदीची पातळीही: कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं, त्यामुळे दरवाजा उघडल्याचा निरोप फुटांच्या आकड्याआधी कामाला येतो. प्रयाग चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत इशारा पातळी गाठण्याआधीच जनावरं हलवायला सुरुवात करावी. गाय-म्हैस मागे राहिली की माणूसही राहतो, आणि मग रात्री बोट घालावी लागते.

नाव नोंदवायचं असेल तर तालुक्याच्या तहसील कार्यालयात चौकशी करा. जाताना एकच गोष्ट लेखी विचारा: विम्याची मुदत कधी संपते? 2022 च्या तुकडीचा विमा 2025 मध्येच संपला असेल, आणि नूतनीकरण न होता बोटीत बसणं शहाणपणाचं नाही.