स्ले द स्पायर: बरेच महिने खेळल्यावरचा अनुभव (नवीन लोकांनी आवर्जून वाचा)

गेले बरेच महिने हा गेम जवळपास रोज चालू आहे, चारही कॅरेक्टरनी जिंकून झालंय, आता असेन्शनच्या, म्हणजे जिंकल्यावर उघडणाऱ्या अवघड लेव्हलपैकी वरच्या लेव्हलवर झगडा सुरू आहे, म्हणून म्हटलं आता सविस्तर लिहायला हरकत नाही. गेम भारी आहे हे सगळेच सांगतात. पण नवीन माणसाला भारी आहे का ते विचारायचंच नसतं, त्याला विचारायचं असतं की मी पहिल्याच अ‍ॅक्टमध्ये (गेमच्या पहिल्या टप्प्यात) सारखा का मरतोय. तर तेच जास्त लिहितो.

आधी थोडक्यात, ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. मेगा क्रिट नावाच्या छोट्या स्टुडिओचा कार्डांचा गेम, 2017 च्या शेवटी अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला, पूर्ण व्हर्जन जानेवारी 2019 मध्ये. एकदा विकत घेतला की विषय संपला, कार्डांची पाकिटं नाहीत, जाहिराती नाहीत, नेट नसलं तरी चालतो, समोर दुसरा माणूस नसतो. म्हणजे कोणी जास्त पैसे टाकून चांगली कार्डं घेऊन आलाय आणि आपल्याला धुतोय, हा प्रकारच नाही. प्रत्येक रनला (म्हणजे एका पूर्ण डावाला, ज्यात लढत लढत एकेक मजला वर चढायचं) डेक, म्हणजे आपला कार्डांचा गठ्ठा, नव्याने बांधायचा, मेलात की तो डेक गेला, पुन्हा पहिल्यापासून.

खेळ असा की टर्नला पाच कार्डं हातात येतात आणि तीन एनर्जी मिळते. टर्न संपला की उरलेली कार्डं डिस्कार्डमध्ये आणि पुढच्या टर्नला शिल्लक ब्लॉक (डॅमेज अडवणारे पॉइंट) गायब, त्यामुळे साठवून ठेवायचा विचार इथे चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शत्रू पुढे काय करणार ते त्याच्या डोक्यावर दिसतं, हल्ला करणार असेल तर किती डॅमेज तो आकडासुद्धा. तो आकडा वीक (फटका कमी करणारा परिणाम), स्ट्रेंग्थ (फटका वाढवणारी ताकद) वगैरे सगळं धरूनच आलेला असतो, तुम्ही वेगळा हिशोब करायची गरज नाही. बरेच नवीन लोक हा आकडा बघतच नाहीत, हातात डिफेंड (ब्लॉक देणारं कार्ड) आलं की लावून टाकतात, समोरचा त्या टर्नला नुसता ओरडणार असला तरी!! तो मारणार नसेल तर तो टर्न फुकटचा आहे, सगळी एनर्जी मारण्यात घाला.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक लढतीनंतर तीन कार्डं समोर येतात, एक घ्या नाहीतर सोडून द्या. नवीन माणूस बघतो की यातलं सगळ्यात भारी कुठलं. माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न हा पाहिजे की पुढच्या पाच-सहा मजल्यांवर मला कोण मारणार आहे आणि हे कार्ड त्याच्यावर काही उपाय आहे का.

उदाहरण म्हणून डीमन फॉर्म घ्या. आयर्नक्लॅड या कॅरेक्टरचं रेअर कार्ड, तीन एनर्जी, मग दर टर्नला दोन स्ट्रेंग्थ वाढत जाते. सोनेरी पट्टी बघून कोणाचाही हात जाईल. पण तीन एनर्जी म्हणजे तो अख्खा टर्न गेला, त्या टर्नला ना मारणं ना अडवणं, आणि पहिल्या अ‍ॅक्टमधल्या बहुतेक लढती चार-पाच टर्नमध्ये आटोपतात, म्हणजे ताकद यायला लागते तोवर निकाल लागलेला असतो, वरातीमागून घोडं. तिसऱ्या अ‍ॅक्टच्या लांबलचक बॉससाठी तेच कार्ड सोनं आहे. पण तिथवर पोचायचं तर आत्ता कार्नेज पाहिजे, दोन एनर्जीत 20 डॅमेज, दिसायला काही विशेष नाही पण पहिल्या अ‍ॅक्टमध्ये जीव वाचवतं.

दुसरी गोष्ट डेकच्या आकाराची. आयर्नक्लॅड दहा कार्डांनी सुरू होतो, पाच स्ट्राइक, चार डिफेंड, एक बॅश. दहा कार्डं आणि टर्नला पाच, म्हणजे दोन टर्नमध्ये सगळा डेक हातातून जातो, बॅश पहिल्या दोन टर्नमध्ये येणारच. डेक तीस कार्डांचा झाला की तेच कार्ड सहा टर्नमध्ये एकदा. रमीत नको असलेला पत्ता टाकून मोकळं होता येतं, इथे घेतलेलं कार्ड गळ्यात पडतं ते रन संपेपर्यंत. दुकानात कार्ड काढून टाकता येतं पण त्याला 75 गोल्ड लागतात आणि दर वेळी 25 ने वाढतात.

पण हे ऐकून काही लोक उलट्या टोकाला जातात, डेक बारीक ठेवायचा म्हणून पहिल्या अ‍ॅक्टमध्ये काहीच घेत नाहीत. हे त्याहून वाईट. सुरुवातीचे स्ट्राइक सहा-सहा डॅमेज देतात, तेवढ्यावर एलिट (साध्या शत्रूंपेक्षा तगडा शत्रू) मरत नाही. माझा अंदाज, पहिल्या अ‍ॅक्टमध्ये तीन-चार चांगली मारणारी कार्डं लवकर घ्यायची आणि मग हात आखडायचा.

ते का, हे ग्रेमलिन नॉब समोर आला की बरोबर कळतं. ऐंशीच्या थोडी वर हेल्थ असलेला एलिट. पहिल्या टर्नला नुसता ओरडतो, आणि त्यानंतर तुम्ही स्किल कार्ड खेळलं की दर वेळी त्याची स्ट्रेंग्थ दोनने वाढते, कायमची. त्याचा मोठा फटका 14 चा. डिफेंड हे स्किल आहे. आता हिशोब करा, एक डिफेंड खेळलात, पाच ब्लॉक मिळाला, पण त्याचा आत्ताचा फटका दोनने वाढला, पुढचा दोनने, त्याच्या पुढचा पण दोनने. तीन फटके खाल्लेत तरी पाच वाचवायला सहा दिले, शिवाय ती एक एनर्जी स्ट्राइकला लावली असती तर त्याची सहा हेल्थ गेली असती ती वेगळीच. तर पहिल्या टर्नला, तो ओरडायच्या आधी, काय स्किल वापरायचेत ते वापरा, बॅश मारून व्हल्नरेबल करा म्हणजे पुढचे फटके दीडपट बसतील, आणि मग डोळे मिटून मारत सुटा. पोशन असेल तर इथेच फोडा. पोशन साठवून मरणारे लोक मला आजपर्यंत कळलेले नाहीत.

पहिल्या अ‍ॅक्टचे बाकी दोन एलिट म्हणजे लॅगाव्हुलिन, जो सुरुवातीला तीन टर्न झोपलेला असतो (तेवढ्यात पॉवर कार्डं, म्हणजे लढतभर परिणाम टिकणारी, लावून घ्या, उगाच थोडं थोडं टोचून लवकर उठवू नका), आणि तीन सेंट्री, ज्या तुमच्या डेकमध्ये डेझ्ड नावाचा कचरा भरत बसतात, तिथे कडेची एक आधी मारून टाकायची. नॉबपुढे दोन्ही तसे सज्जन.

बॉस कोण आहे हे नकाशाच्या वरच्या टोकाला पहिल्या मजल्यापासून दिसत असतं, आणि तरी लोक बॉसच्या दारात गेल्यावर बघतात. हेक्साघोस्टची गंमत सांगतो. पहिल्या टर्नला काही करत नाही, दुसऱ्याला एकदम सहा फटके, आणि प्रत्येक फटक्याचं डॅमेज तुमच्या हेल्थवरून ठरतं, हेल्थ भागिले 12, अपूर्णांक सोडून, अधिक एक. 80 हेल्थ असेल तर सात-सातचे सहा, म्हणजे 42. 56 असेल तर पाच-पाचचे सहा, 30. आता बॉसच्या आधी कॅम्पफायर कायम असतो, तिथे झोपलं तर तीस टक्के हेल्थ मिळते, म्हणजे 80 वाल्याला 24, 56 चे बरोबर 80 होतात. पण त्या 24 मधले 12 हेक्साघोस्ट दुसऱ्याच टर्नला परत घेतो. मग झोपण्यापेक्षा एखादं कार्ड अपग्रेड केलेलं काय वाईट? असे हिशोब जमायला लागले की गेमची खरी मजा येते, नाहीतर नुसती कार्डं लावत बसणं होतं.

स्लाइम बॉसचं वेगळं. 140 हेल्थ, निम्म्यावर आला की फुटून दोन होतात आणि दोघांची हेल्थ त्या क्षणी जेवढी उरली असेल तेवढी. म्हणून सत्तरच्या जरा वर आणून ठेवायचा आणि मग हातातलं सगळ्यात जड काय असेल ते एकदम घालायचं. त्याचा 35 चा मोठा दणका येणार असतो तोसुद्धा फुटल्यावर रद्द होतो. गार्डियन त्या मानाने सरळ आहे, फक्त तो मिटून काटेरी झाला की बारीक बारीक अटॅक करायचे नाहीत, प्रत्येक अटॅकला तुम्हालाच टोचतं.

आणि हो, बॉस मेला की पुढच्या अ‍ॅक्टला जाताना हेल्थ पूर्ण भरते (असेन्शनच्या खालच्या लेव्हलपर्यंत तरी). त्यामुळे बॉसपुढे हेल्थ जपून काही उपयोग नाही, एकने जिंकलात काय आणि साठने काय. एकूणच हेल्थ ही खर्च करायची गोष्ट आहे, भरलेला बार बघून खूश व्हायची नाही. कॅम्पफायरवर प्रत्येक वेळी झोपणारे दुसऱ्या अ‍ॅक्टमध्ये मार खातात कारण डेकमधलं काहीच अपग्रेड झालेलं नसतं.

नकाशा वाचायला वेळ द्या. पहिल्या अ‍ॅक्टमधल्या पहिल्या तीन साध्या लढती सोप्या गटातल्या असतात आणि सहाव्या मजल्याच्या आधी एलिट येत नाही, म्हणजे सुरुवातीला जितक्या लढती मिळतील तितक्या घ्यायच्या, तिथूनच कार्डं येतात. एलिटला पूर्ण टाळायचंही नाही, कारण रेलिक (रनभर फायदा देणारी वस्तू) तिथे हमखास मिळतं आणि रेलिकशिवाय पुढे नाकी नऊ येतात. ज्या वाटेवर एलिटच्या आधी कॅम्पफायर आहे आणि नकोसं वाटलं तर बाजूला वळायची सोय आहे ती वाट माझी आवडती.

दुकानाबद्दल एवढंच, आधी स्ट्राइक काढून टाका, मग उरलेल्या गोल्डमध्ये काय येतं ते बघा. डिफेंड नको, स्ट्राइक. डेक सुधारत जातो तसे मारायला दुसरी कार्डं येतात, अडवायला मात्र बराच काळ डिफेंडच कामाला येतं.

बॉस रेलिक निवडताना एनर्जी देणारं रेलिक दिसलं की लोक घेऊन टाकतात, खालचं वाक्य वाचत नाहीत. कॉफी ड्रिपर घेतलं तर कॅम्पफायरवर झोपणं बंद, फ्यूजन हॅमर घेतलं तर अपग्रेड बंद, सोझू घेतलं तर नवीन पोशन बंद. हे सगळे सौदे डेक बघून चालू शकतात. रूनिक डोम मात्र नवीन माणसाने घेऊ नये, त्यात शत्रू काय करणार ते दिसणंच बंद होतं, आणि सगळे शत्रू तोंडपाठ असल्याशिवाय तो आंधळी कोशिंबिरीचा खेळ होतो.

बाकी कॅरेक्टर हळूहळू उघडतात, जिंकावं लागत नाही, खेळत राहिलं की होतं. सायलेंट मला सगळ्यात आवडते. तिचं पॉयझन दर टर्नला एकने कमी होतं, म्हणून पाच पॉयझन म्हणजे पाच नाही, पाच अधिक चार अधिक तीन असं मिळून पंधरा, आणि ब्लॉक त्याला अडवत नाही. डिफेक्टला वेळ द्यावा लागतो, त्याचे ऑर्ब (ऊर्जेचे गोळे) कुठल्या क्रमाने बाहेर पडतात ते डोक्यात बसेपर्यंत चिडचिड होते. वॉचर ताकदीने सगळ्यात वरची पण मारते पण आणि मरते पण, कारण रॅथ नावाच्या तिच्या रागाच्या अवस्थेत तुमचं डॅमेज दुप्पट आणि तुम्हाला बसणारंही दुप्पट. तिच्यासाठी एकच टीप, पहिलं अपग्रेड इरप्शनला. साधं इरप्शन (रॅथमध्ये नेणारं कार्ड) दोन एनर्जीचं आणि व्हिजिलन्स (बाहेर काढणारं) पण दोनचं, तीन एनर्जीत दोन्ही बसत नाहीत, म्हणजे रॅथमध्ये शिरलात की त्या टर्नला बाहेर यायला तुमच्याकडे काही नाही. अपग्रेड केलं की इरप्शन एकचं होतं, मग आत जाऊन मारून त्याच टर्नला बाहेर. एवढ्या एका बदलाने ती वेगळंच कॅरेक्टर वाटायला लागते.

न आवडलेलं पण सांगतो. चित्रं साधी आहेत, ज्यांना झगमगाट लागतो त्यांना फिकं वाटेल, मला सवय झाली. गोष्ट म्हणून काही नाही, असली तरी ती इव्हेंटच्या दोन-चार ओळींत तुटक. एक रन तास-सव्वा तास सहज खातो. मध्येच बंद करता येतो, पण लढत चालू असताना बाहेर पडलात तर ती लढत पहिल्यापासून सुरू होते, लढत संपवून बंद केलेलं बरं. आणि नशीब लागतंच, काही रनमध्ये काहीच जुळून येत नाही, पण चांगले खेळणारे लोक लागोपाठ जिंकतात हे पाहिल्यावर कार्डांना दोष द्यायची सोय राहत नाही. फोनवर चालतो, मी टॅबलेटवर खेळतो कारण कार्डावरचा मजकूर वाचल्याशिवाय इथे पान हलत नाही आणि बारीक अक्षरं वाचायचा मला कंटाळा आहे.

असेन्शन म्हणजे जिंकल्यावर उघडणाऱ्या अवघड लेव्हल, प्रत्येक कॅरेक्टरच्या वेगळ्या, वीसपर्यंत. पहिली लेव्हल फक्त एलिट वाढवते आणि खरं सांगायचं तर रेलिक पण वाढतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. दहावीला मात्र डेकमध्ये सुरुवातीपासूनच एक कर्स (नुसती अडगळ करणारं कार्ड) येऊन बसतो जो काढताच येत नाही, आणि अकराव्याला पोशनची एक जागा कमी होते. मी सध्या सायलेंटला घेऊन तिथेच अडकलोय, दुसऱ्या अ‍ॅक्टच्या एलिटवर कोणाकडे काही उपाय असेल तर सांगा.