कोल्हापुरात प्रोबेशन : पाचपैकी तीन
दोन गुण कापलेत ते वेळेपायी. बाकी १९५८ चा परिवीक्षा म्हणजेच प्रोबेशनचा कायदा मुळात दिलदार आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडले तर कलम ४ खाली तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटका होऊ शकते, बाँड जास्तीत जास्त तीन वर्षांचा. आरोपी २१ च्या आतला असेल तर कलम ६ लागतं: आरोपीच्या घर-कामाची चौकशी करणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचाच, आणि तुरुंगात धाडायचं तर कारणं लिहायची.

गोम अशी की हा अहवाल किती दिवसांत यावा, हे कायद्यात कुठेच नाही. १८ च्या आतल्यांसाठीच्या बाल न्याय कायद्यात अशाच सामाजिक तपासणी अहवालाला १५ दिवस दिलेत, वीस वर्षांच्या पोराला मात्र मुदतच नाही. फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतली ४५ दिवसांची मर्यादा निकालाला आहे, अहवालाला नाही. त्यातच कलम ६ साठी वय मोजतात ते गुन्ह्याच्या दिवसाचं नव्हे, न्यायालय शिक्षेचा विचार करतं त्या दिवसाचं. रामजी मिस्सर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच तसं ठरवलं. एकोणिसाव्या वर्षी मोटरसायकल उचललेला मुलगा, खटला अडीच वर्षं रेंगाळला की कलम ६ मधून बाहेर. मग उरतं कलम ४, म्हणजे न्यायाधीशांची मर्जी.

अहवाल अडतो तो बहुतेकदा पत्त्यावर. आधार चंदगडचं, खोली उचगावात भाड्याची, काम शिरोली एमआयडीसीत. गृहचौकशी गावाकडे गेली की घराला कुलूप. म्हणून कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात प्रोबेशनचा अर्ज देतानाच राहता पत्ता, घरमालकाचा फोन आणि कामाच्या ठिकाणचं पत्र जोडावं. वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. जामीनदार सातबारा किंवा पगारपत्रकासह तयार ठेवावा. आरोपीचा किंवा जामीनदाराचा पक्का पत्ता अथवा नियमित धंदा असल्याची खात्री न्यायालय करतंच. अहवाल गोपनीय असतो, पण कलम ७ खाली त्याचा गोषवारा आरोपीला देता येतो. तो मागा, फार जण मागत नाहीत.

अमली पदार्थांच्या खटल्यात वय १८ च्या पुढे असेल तर फारसा वाव नाही. बेदरकार गाडी चालवून माणूस मेला असेल तर अशा गुन्ह्यांत प्रोबेशन नको म्हणणारा सर्वोच्च न्यायालयाचा दलबीर सिंग निकाल आडवा येतो.

दंडाधिकाऱ्यांनी नाकारलं तर सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील, आणि कलम ११ मुळे प्रोबेशन तिथेही मागता येतं. पुढचं उच्च न्यायालयही ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंचच्या (फिरत्या खंडपीठाच्या) रूपाने इथेच आलंय, मुंबईची रात्रीची गाडी वाचली.