सरळ ठिपके की मधले ठिपके? दिवाळीत दारापुढे फुलांची रांगोळी काढताना

दाराबाहेर नेमकी किती जागा आहे, ते आधी टेपने मोजा. नमुना आवडतो, उत्साहाने ठिपके मांडून होतात आणि मग लक्षात येतं की शेवटच्या ओळीतली फुलं चपलांच्या रॅकखाली जाणार आहेत. माझ्या दोन दिवाळ्या अशा अर्धवट पुसण्यात गेल्या. नवीन फ्लॅटमध्ये पहिली दिवाळी करणाऱ्या भाचीने या वर्षी विचारलं, "मावशी, फुलांची काढायचीय, ठिपके कोणते घेऊ?" तिला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते.

ठिपके मांडायच्या मुख्य रीती दोन. '११ ठिपके ११ ओळी' म्हणजे सरळ मांडणी. प्रत्येक ठिपक्याच्या बरोबर खाली ठिपका, एकूण १२१, आकार चौकोनी. '११ ते ६' म्हणजे मधली मांडणी. सर्वांत लांब ओळ ११ ची, तिच्या वर आणि खाली १०, ९, ८, ७, ६ अशा उतरत्या ओळी. प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध पडतो. एकूण ९१, आकार षटकोनी.

फुलांसाठी म्हणाल तर मधले ठिपके सरस, हे माझं ठाम मत आहे. कोणताही आतला ठिपका घ्या, त्याच्या भोवती सारख्या अंतरावर सहा ठिपके असतात. मधल्या ठिपक्यापासून प्रत्येकाकडे दोन बाकदार रेषा काढल्या की सहा पाकळ्यांचं फूल तयार. तीच पाकळी शेजारच्या ठिपक्याच्या फुलाचीही होते. त्यामुळे फुलं एकमेकांत गुंफल्यासारखी दिसतात, मध्ये उरलेल्या तीनकोनी जागेत हिरवा रंग भरला की पानं आपोआप होतात. गजऱ्यासारखी भरगच्च जाळी हवी असेल तर ती इथेच मिळते.

सरळ ठिपक्यांत शेजारी चारच. चार पाकळ्यांचं फूल सुरेख येतं, पण आठ पाकळ्या करायला गेलात तर तिरप्या पाकळ्या जवळजवळ दीडपट लांब होतात. कमळाला मात्र हेच शोभतं. एक लांब, एक आखूड अशा पाकळ्यांचं अष्टदल कमळ आणि कोपऱ्यांत स्वस्तिक, ही लक्ष्मीपूजनाची रांगोळी सरळ ठिपक्यांचीच. पाकळ्यांमध्ये चौकोनी जागा राहते, तिथे हळदीकुंकवाची चिमूट सोडता येते.

आता अडचणींचं. सरळ मांडणीत चूक लगेच दिसते. उभी नजर टाकली की कोणता ठिपका सरकला ते कळतं. मधल्या ठिपक्यांत ती चूक लपते, पुढच्या ओळींत पसरत जाते आणि कडेची फुलं वाकडी झाल्यावर उघड होते. यावर दोन उपाय आहेत. एक, सुरुवात नेहमी सर्वांत लांब ओळीपासून करा, खडूची रेघ मारून. दुसरा जास्त महत्त्वाचा आहे आणि बहुतेकींकडून राहून जातो. ओळींमधलं अंतर ठिपक्यांमधल्या अंतराएवढं ठेवायचं नाही, थोडं कमी ठेवायचं. ठिपके ४ सेंटीमीटरवर असतील तर ओळी साडेतीनवर. दोन्ही सारखंच ठेवलंत तर चार पाकळ्या ताणल्या जातात आणि प्रत्येक फूल उभं लांबट दिसतं. आपला हातच बरोबर नाही असं वाटून कितीतरी जणी रांगोळी सोडून देतात, तेव्हा चुकलेलं असतं ते हे अर्ध्या सेंटीमीटरचं.

माप करायचं तर ४ सेंटीमीटरच्या ठिपक्यांनी '११ ते ६' ला साधारण ४० बाय ३५ सेंटीमीटर लागतात, '१५ ते ८' ला ५६ बाय ४९. रंगाला कडेने थोडी मोकळी जागा धरा. फ्लॅटच्या दाराशी '११ ते ६' पुरे होते. '१५ ते ८' ला १६९ ठिपके लागतात, ती बंगल्याच्या किंवा गावच्या अंगणाची रांगोळी. जागा उंबऱ्यालगत अरुंद पट्ट्यासारखी असेल तर षटकोन तिथे अवघडतो. सरळ ठिपक्यांच्या तीन-चार ओळी लांबवर नेऊन फुलांची वेल काढा, ती उंबऱ्याला समांतर बसते.

ठिपक्यांचा कागद वापरावा का? सरळ ठिपक्यांना गरज नाही, हात बसतो. मधल्यांना जरूर वापरा. आमची आई जाड कागदावर पेन्सिलीने खुणा करून पेटत्या उदबत्तीने भोकं पाडायची. भोकांच्या कडा जळून घट्ट होतात आणि कागद अनेक वर्षं टिकतो. बाजारात तयार कागद मिळतात, पण घेताना ओळींचं अंतर पट्टीने पाहून घ्या. रांगोळी आदल्या दिवशी उन्हात वाळवून चाळा, दमट असली तर भोकांत अडकते. कागद उचलताना सरळ वर उचला, ओढलात तर ठिपके फरफटतात.

गुळगुळीत टाइलवर दोन्ही मांडण्यांचे हाल सारखेच. गेरू धरत नाही, लिफ्टकडून आलेल्या वाऱ्याने रेघ हलते. शहाबादी किंवा कोट्याची फरशी असेल तर प्रश्न नाही. टाइल असेल तर दोन फुटी प्लायवूडला डिंक घातलेला गेरू लावून वाळवा आणि त्यावर काढा.

संस्कार भारतीच्या पद्धतीचा गालिचाही अनेकींच्या मनात असतो. पाच बोटांतून रांगोळी सोडायला सराव लागतो आणि जागाही मोठी लागते. चार दिवसांवर सण आला असताना तो शिकायला घेऊ नका.

भाचीच्या दाराशी जागा ६० बाय ६० सेंटीमीटर, फरशी टाइलची, हाताला सवय नाही. तिला वसुबारसेला '७ ते ४' सांगितली. ३७ ठिपके, कागदाशिवायही जमतील. धनत्रयोदशीला आणि नरक चतुर्दशीला '११ ते ६', आईच्या त्याच कागदाने. लक्ष्मीपूजनाला सरळ ११, मध्ये कमळ आणि उंबऱ्यापासून आत जाणारी पावलं. पांढऱ्या रेघा रंग भरून झाल्यावर पुन्हा एकदा वरून ओढायच्या, हे तिला दोनदा बजावलं आहे.