बाथरूममधली झाडं : दिवाळी ते पोळा, जळगावच्या हवेतला अनुभव

बाथरूममध्ये झाडं ठेवायची असतील तर आधी उजेड बघा, मग वारा बघा, ओलाव्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. गेल्या दिवाळीपासून परवाच्या पोळ्यापर्यंत झाडं सांभाळून मी या मतावर आलेय.

जिथं बघावं तिथं सल्ला उलटा मिळतो. बाथरूम दमट असतं म्हणून फर्न आणा, कॅलेथिया आणा, ऑर्किड टांगा. ज्यांच्याकडे बाथरूम बंद असतं, शॉवरची वाफ तासभर कोंडून राहते आणि बाहेरही हवा थंड असते, त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे बादलीनं अंघोळ, वर काचेच्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर बारा महिने उघडा, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास बाहेर ४४-४५ अंशांचा कोरडा वारा. घरात तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल घड्याळ आहे, ते मी बाथरूमच्या फळीवर ठेवून बघितलं. थंडीत गरम पाण्याच्या अंघोळीनंतर आर्द्रता ८० टक्क्यांवर जायची आणि बराच वेळ टिकायची. मे महिन्यात दुपारी ती २० च्या आसपास असायची. अंघोळीनंतर ६० पर्यंत चढायची आणि अर्ध्या तासात पुन्हा खाली. फर्नला साधारण ५० टक्के तरी ओलावा सतत लागतो, अर्ध्या तासाचा काय कामाचा?

आमच्या फ्लॅटमध्ये दोन बाथरूम आहेत. एकाचा व्हेंटिलेटर पूर्वेला उघडतो, दुसऱ्याचा डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीत. मोबाईलमधल्या उजेड मोजायच्या ॲपनं बघितलं तर पूर्वेकडच्या खिडकीजवळ सकाळी ३०० ते ४०० लक्स, त्याच बाथरूममध्ये खाली नळाजवळ जेमतेम ६०, आणि डक्टकडच्या बाथरूममध्ये भर दुपारी १५-२०. ॲपचे आकडे काटेकोर नसतात, पण फरक कळायला पुरतात. आपला डोळा अंधाराला सरावतो, त्यामुळे आपल्याला तिथं लख्ख दिसतं. झाडाला मात्र ते उपाशी राहण्याइतकं कमी असतं.

बोस्टन फर्न हिवाळाभर देखणं होतं. हिरवंगार, दाट, खाली लोंबणारं. होळीनंतर पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. चैत्रात पान हाताला लागलं की पापडासारखं चुरायचं, आणि माती तर ओलीच होती. रोज फवारा मारला तरी फरक पडला नाही, कारण ते पाणी पानावर दहा मिनिटंही टिकत नव्हतं. माझे मामा रावेरकडे केळी करतात. ते आले तेव्हा कुंडी हातात धरून एवढंच म्हणाले, "ऊन नाही बेटा, वारा जाळतोय याला." केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरी किंवा गजराज गवताचा आडोसा का करतात, हे लहानपणापासून बघत आले होते, पण तीच गोष्ट बाथरूमच्या व्हेंटिलेटरला लागू आहे हे त्यांनी दाखवलं. मग व्हेंटिलेटरच्या खालच्या पट्ट्या बंद केल्या, फक्त वरच्या दोन उघड्या ठेवल्या, आणि कुंड्या वाऱ्याच्या तोंडावरून बाजूला सरकवल्या. पुढचे नवे कोंब जळाले नाहीत. तरी फर्न शेवटी मी कूलरच्या खोलीत हलवलं, वाऱ्याच्या थेट झोतापासून दूर, कोपऱ्यात. आपल्याकडे मे महिन्यात घरातली सगळ्यात दमट जागा बाथरूम नसून कूलरची खोली असते. फर्न तिथं जगलं, पाऊस सुरू झाल्यावर परत फुटलं.

आता टिकलेल्यांबद्दल. सगळ्यात वर झेडझेड प्लांट. जमिनीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात पाणी साठतं, त्यामुळे उन्हाळ्यातही महिन्यातून दोनदा पाणी पुरलं. हिवाळ्यात तर महिन्यातून एकदाच. पावसाळ्याच्या तोंडावर मातीतून भाल्यासारखा जाड कोंब वर आला, त्यावर पानं घट्ट मिटलेली होती, आणि आठवड्याभरात एकेक पान उलगडत गेलं, इतकं चकचकीत की कोणी तेलाचा हात फिरवलाय असं वाटावं. स्नेक प्लांट तेवढंच काटक. त्याची पानांची छिद्रं रात्री उघडतात, दिवसाच्या कोरड्या उन्हात ते पाणी फारसं गमावत नाही, म्हणून आपल्या हवेला ते शोभतं. फक्त पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देऊ नका, बुडखा कुजतो.

मनी प्लांट पूर्वेच्या खिडकीत भराभर वाढलं. अंधाऱ्या बाथरूममध्ये त्याच वेलीचा तुकडा लावला तर पानं लहान, दोन पानांमधलं अंतर मोठं, आणि पिवळे पट्टे हळूहळू नाहीसे. पीस लिलीचं मला कौतुक वाटतं. तहान लागली की सगळी पानं मान टाकतात, पाणी घातलं की काही तासांत उभी. पण फुलं हवी असतील तर खिडकीजवळच ठेवा, कमी उजेडात नुसती पानं येतात. अग्लोनेमानं उन्हाळा छान काढला, त्याला त्रास झाला तो पौषात. रात्री पारा १० च्या खाली उतरला की व्हेंटिलेटरच्या गार वाऱ्यानं खालची पानं पिवळी पडली. थंडीत त्याला खिडकीपासून लांब ठेवा.

स्पायडर प्लांटवर थोडं सविस्तर, कारण त्यातून पाण्याचं कळलं. त्याच्या पानांची टोकं तपकिरी होत होती. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, नळावर आणि बादलीवर पांढरा थर बसतो, तोच थर कुंडीच्या काठावर आणि मातीवरही दिसायला लागला. क्षार मातीत साठत जातात आणि ते आधी टोकांवर दिसतात. पुष्कळ घरांत आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतात. वाचवायची इच्छा चांगलीच, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही क्षार जास्त असतात. ते फरशी पुसायला, भांडी विसळायला वापरा. एसी असेल तर त्याचं ठिबकणारं पाणी मात्र झाडांना उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात गच्चीवरून भरलेल्या बादल्यांचं पाणी घातलं, कुंडीच्या तळातून भरपूर वाहू दिलं, आणि नवी पानं टोकापर्यंत हिरवी आली.

मातीबद्दल एकच सांगते : शेतातली काळी माती कुंडीत घालू नका. कपाशीला ती सोनं आहे, पण कुंडीत पाणी धरून बसते आणि सुकली की भेगा पडून मुळं तुटतात. मी कोकोपीट, गांडूळखत आणि जाड वाळू सारख्या मापानं घेतली. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घेतलं, त्यातही क्षार असतात.

डासांचं मात्र गंभीरपणे घ्या. बाटलीत पाणी घालून मनी प्लांट ठेवायची आपल्याकडे फार आवड आहे, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. बाटली आठवड्याला आतून ब्रशनं घासायची. कुंडीखालच्या बशीचंही तेच. मी बाटल्या बंदच केल्या, सगळं मातीत लावलं, आणि बशीत खडी पसरली, पण पाणी साचू द्यायचं नाही हा नियम खडीलाही लागू.

साबणाचं पाणी उडतं तिथं खाली कुंडी ठेवू नये. खांद्याच्या उंचीवर फळी किंवा टांगती कुंडी बरी. गिझरपासून हातभर लांब. टाइल्स ॲसिडनं घासायच्या दिवशी सगळ्या कुंड्या बाहेर काढा आणि बाथरूम पूर्ण हवेशीर झाल्यावरच आत आणा. मनी प्लांट, पीस लिली, अग्लोनेमा, झेडझेड, या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर त्यांना हाताला लागणार नाहीत अशीच ठेवा.

हवा शुद्ध होते म्हणून कोणी घेत असेल तर तसं नाही. १९८९ चा नासाचा जो अभ्यास सगळे सांगतात, तो लहान बंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात दिसलं की साध्या खिडकी-दारांतून जेवढी हवा खेळते तेवढं काम करायला चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. बाथरूमच्या वासाला एक्झॉस्ट फॅनच हवा. झाडं मनाला बरी वाटतात म्हणून ठेवावीत. सकाळी डोळे चोळत दात घासायला गेलं की समोर हिरवं दिसतं, मला तेवढं पुरतं.

ज्यांचं बैठं घर आहे, मागे परस आहे, त्यांनी तर न्हाणीच्या आत काही लावायच्या आधी बाहेर बघावं. सांडपाण्यावर अळू, कर्दळ आणि केळ आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लावली आहे. उजेड भरपूर, पाणी रोजचं, आणि अळूच्या वड्याही होतात.

डक्टकडच्या अंधाऱ्या बाथरूमसाठी मी पाळी ठरवलीय. झेडझेडच्या दोन कुंड्या, एक आत, एक बाल्कनीतल्या सावलीत, आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल. थेट उन्हात एकदम ठेवायची नाही, पानं भाजतात. कायमची आत ठेवली असती तर झाड लगेच मेलं नसतं, पण महिनोन्‌महिने खंगत गेलं असतं.

नवीन घेणाऱ्यांनी आखाजीच्या आसपास खरेदी टाळावी. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून निघालेलं रोप आपल्या घरातल्या कोरड्या हवेत लगेच सुकतं. मृगाचा पाऊस पडून हवा जरा ओली झाली की घ्या. छोटी रोपं शंभर ते तीनशे रुपयांत मिळतात. एकाच खिडकीचं बाथरूम असेल तर पहिल्या वर्षी एक झेडझेड आणि एक मनी प्लांट घ्या, पीस लिली पुढच्या वर्षी.