बडोद्याहून दिवाळीच्या सुट्टीत: अथेन्स की बार्सिलोना?

भूमध्य समुद्राकाठचं एकच शहर निवांत बघायचं आहे आणि घर ते घर सात दिवसच आहेत, तर बडोदेकरांनी अथेन्स घ्यावं. नऊ दिवस मिळत असतील तर बार्सिलोनाचा विचार करावा. बार्सिलोना कुठेही कमी नाही, पण ते लांब पडतं. अहमदाबादहून दोहा किंवा दुबई तीन-साडेतीन तास; तिथून अथेन्स साधारण पाच तास, बार्सिलोना सात. दिवाळीच्या सुमारास ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उलटला, की अथेन्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, बार्सिलोनाचं साडेचार. लहान सहलीत हा फरक शरीराला जाणवतो.

निघायचं कुठून, हा प्रश्न शहराइतकाच मोठा. मुंबईचं भाडं पुष्कळदा कमी दिसतं. इंडिगोनं 2025 मध्ये मुंबई–अथेन्स थेट विमानही जाहीर केलं. ते रोज नसतं, म्हणून आधी वार बघा आणि मग रजा टाका. पण भाड्यात रेल्वे, टॅक्सी आणि परतीची एखादी रात्र मिळवा. वंदे भारतनेही बडोदा–मुंबई चार-साडेचार तास जातात (बोरिवलीला उतरा, सहारचा आंतरराष्ट्रीय विमानतळ तिथून जवळ). अहमदाबादला जायला अमितनगर सर्कलहून टॅक्सी, 93 किलोमीटरचा एक्सप्रेस वे आणि तो संपतो त्या सीटीएम चौकापासून पुढे शहरातली गर्दी. माणशी दहा हजारांपर्यंतचा फरक असेल तर अहमदाबादच धरा.

आखाती विमानं बरीचशी पहाटे सुटतात. इथे तारखेचा घोळ हमखास होतो: तिकिटावर 12 तारीख, पहाटे 4 असेल, तर बडोदा सोडायचं 11 च्या रात्री दहाच्या आत.

पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगळी तिकिटं जोडली आणि पहिलं विमान रखडलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला 'आलाच नाहीत' असं धरते, पैसे गेले. काउंटरवर बॅगेला पट्टी लावली की तिच्यावरची अक्षरं तिथेच वाचा: अथेन्ससाठी एटीएच, बार्सिलोनासाठी बीसीएन. डीओएच किंवा डीएक्सबी एवढंच दिसलं तर बॅग वाटेतच उतरणार. तिथल्या तिथे बदलून घ्या.

फ्रँकफर्टसारख्या शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट) शहरातून जायचं तर इमिग्रेशन तिथेच होतं. ऑक्टोबर 2025 पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणंही सुरू झालं आहे. मधे सव्वा तास असेल तर ते तिकीट घेऊ नका. अडीच तास तरी हवेत. दोहा-दुबईला फक्त सुरक्षा तपासणी असते, दोन तास पुरतात.

व्हिसात फरक नाही. दोन्हीकडे शेंगेन, प्रौढांना 90 युरो, 30,000 युरोंचा प्रवास विमा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

अथेन्समधल्या अक्रोपोलिसचं (टेकडीवरच्या प्राचीन मंदिरांचं) तिकीट 30 युरो, वेळ ठरवून. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला बंद होतं, म्हणून सकाळी आठचीच वेळ घ्या. तिथला संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालेला आहे आणि पावसानंतर पाय सटकतो. आजी-आजोबा बरोबर असतील तर रबरी तळाचे बूट हवेतच. बार्सिलोनात सग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं तिकीट ऑनलाइनच, तेही आधी. शिवाय तिथे ऑक्टोबर हा बऱ्यापैकी पावसाचा महिना. खिसेकापू दोन्हीकडे, मेट्रोत आणि गर्दीच्या रस्त्यात.

शाकाहाऱ्यांसाठी अथेन्स जास्त सोपं: पालकाचा स्पानाकोपिता, टोमॅटोतले मोठे पांढरे घेवडे म्हणजे गिगांतेस, पिवळ्या डाळीचा फावा. स्पेनमध्ये 'वेहेताल' (भाज्यांचं) लिहिलेल्या सँडविचमध्येही ट्यूना मासा निघतो, भाजीवर हॅमचे तुकडे पडतात. 'नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो' (मांस नको, हॅम नको, मासा नको) हे पाठच करून ठेवा. जेवणही तिथे रात्री साडेआठनंतर. मुलांसाठी लिलो चेवडा पिशवीत असू द्या. पेढे आणि तूप मात्र घरीच ठेवा, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे.